मामाचं आवडतं गाणं कुठलं?

"मामाचं आवडतं गाणं कुठलं होतं?" एवढाच मेसेज मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात तिथे भांडण लागलं. हसतखेळतच, पण भांडण. मामाला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, भाषणंबिषणं काही नकोत, नुसती त्याला आवडणारी गाणी लावून बसायचं, असं मामेबहिणीने सुचवलं होतं. यादी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण कुणाचा वाढदिवस असो की कुणाची निवृत्ती, 'गाण्यांचं ती बघेल' हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मला वाटलं, पहिली पाच-दहा गाणी तर चुटकीसरशी निघतील. मामीने एक संथ, व्हायोलिनने सुरू होणारं गाणं सांगितलं. मामेभावाने लगेच लिहिलं, "हे? बाबांनी हे कधी ऐकलेलं मला तरी आठवत नाही." त्याने जे सांगितलं ते मामेबहिणीच्या मते बाबांचं नव्हतंच, त्याचं स्वतःचं होतं, गाडीत तोच लावायचा आणि बाबा चालवून घ्यायचे. माझी आई म्हणाली, लहानपणी तो एकच गाणं शिट्टीवर वाजवायचा. शब्द तिला आठवेनात, म्हणून तिने चाल गुणगुणून पाठवली, तर त्या चालीत तिघांना तीन वेगवेगळी गाणी ऐकू आली. मामाच्या ऑफिसातल्या मित्राला मामीने फोन करून विचारलं. त्याने क्षणाचाही विचार न करता एका गाण्याचं नाव घेतलं आणि मामी गप्प झाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने ते गाणं मामाच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं.

यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं.

ते माझ्या डोक्यातून जाईना. आवडतं गाणं म्हणजे नेमकं कुणासमोरचं? माणूस एकटा असताना एक ऐकतो, चारचौघांत दुसरं लावतो, मुलांसाठी तिसरं सोसतो आणि शिट्टीवर भलतंच वाजवतो. माझं तरी काय वेगळं आहे? कुणी विचारलं की जे गाणं मी सांगते, ते मी शेवटचं मुद्दाम लावून कधी ऐकलं होतं ते मला आठवणार नाही. ते सांगायला बरं आहे, आपल्याला शोभतं, म्हणून सांगते. कपड्यांच्या घड्या घालताना तोंडात येतं ते गाणं मी मेले तरी कुणाला सांगणार नाही. आणि मी मेल्यावर नेमकं तेच कुणीतरी यादीत घालेल, ही धास्ती आहेच. मामालाही आम्ही विचारलं असतं तर त्याने एखादी अवघड बंदिश सांगितली असती आणि 'त्याला कान तयार लागतो' असं वर जोडलं असतं. तो तसाच होता. गाण्याच्या बाबतीत थोडा शिष्ट, आणि शिष्टपणा पकडला गेला की सगळ्यात मोठ्याने हसणारा.

गाण्यांच्या याद्या करायला मी शिकले तेही त्याच्याकडूनच. तेव्हा त्याला 'कॅसेट भरणं' म्हणायचे. फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली 1963 मध्ये, पण आमच्या पिढीपर्यंत ती आली तेव्हा ती घरातल्या सगळ्या आनंदांची आणि कटकटींची जागा झालेली होती. मामा 60ची किंवा 90ची कॅसेट घ्यायचा. 120ची कधीच नाही. तिची फीत इतकी पातळ, की टेपरेकॉर्डर ती कधी गिळेल याचा भरवसा नसायचा. 90च्या कॅसेटला एका बाजूला 45 मिनिटं. मामा आधी कागदावर गाण्यांची नावं लिहायचा, समोर मिनिटं आणि सेकंद, आणि खाली बेरीज. 41 मिनिटं 20 सेकंद झाली, आता उरलेल्या जागेत काय बसेल? मग साडेतीन मिनिटांच्या गाण्यांची शोधाशोध. त्याच्या कितीतरी कॅसेटींच्या शेवटी असं एक आखूड गाणं असायचं, निव्वळ लांबीला बसलं म्हणून आलेलं, आणि काही वर्षांनी त्याच्याशिवाय ती बाजू संपूच नये असं वाटायला लागायचं. काही वेळा बेरीज चुकायची, मग फीत संपायची आणि गाणं कडव्याच्या मध्येच तुटायचं. त्यातलं एक गाणं मी आजही पूर्ण ऐकलं की त्या ठिकाणी माझा श्वास थांबतो. पुढचे शब्द मला परके वाटतात, हे गाणं इथे संपतं ना, मग हा अजून का गातोय, असं.

भरून झाली की कॅसेटच्या मागच्या कडेला असते ती प्लास्टिकची इवलीशी पट्टी तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टक् करून मोडायचा. पट्टी मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, त्यामुळे त्या बाजूवर दुसरं काही भरलं जायची भीती नाही. (भरायचंच झालं तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची, हेही त्यानेच मला गुपचूप शिकवलं.) तो 'टक्' आवाज म्हणजे यादी पक्की झाली. आतल्या कार्डावर बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात नावं, शेजारी वेळ, आणि कोपऱ्यात ही कॅसेट कशासाठी ते: 'ताईच्या पन्नाशीला'. 'परीक्षा संपल्यावर'. 'पावसात, दार लावून'. ताई म्हणजे माझी आई. तिच्या पन्नाशीची ती कॅसेट अजून घरात आहे, वाजवायला यंत्र मात्र नाही. मी कार्ड काढून वाचते, वाचताना गाणी आपसूक त्याच क्रमाने डोक्यात सुरू होतात आणि बाजू बदलायच्या ठिकाणी एक खळ् असा आवाजही येतो.

जागा मोजकी होती तोवर यादी करणाऱ्याला थोडं शहाणपण फुकटात मिळायचं, असं मला वाटतं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गाणी तेवढी झाली. तबकडी गेली आणि सवय राहिली. 1948 मध्ये आलेल्या एलपीने, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकडीने, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली, 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीने 74. मग 2001 मध्ये आयपॉड आला, खिशात हजार गाणी, आणि आता तर अंतच नाही. समारंभासाठी हौसेने लोक मला याद्या पाठवतात, त्यात चारशे-चारशे गाणी असतात. चारशेत निवड कुठली आली? ते कपाट उलटं करून 'घ्या यातलं काय हवं ते' म्हणण्यासारखं झालं. मी अजूनही 90च्या कॅसेटीएवढीच यादी करते, दोन बाजूंची. मधे थांबायला कुणी सांगत नसलं तरी मनात बाजू बदलते. त्यामुळे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं या दोन जागा मला सगळ्या यादीत महत्त्वाच्या वाटतात. ऐकणाऱ्यांना हे कळतं का? नसेल कळत. मामाला कळलं असतं.

आनंदाच्या समारंभांची यादी तशी सोपी असते. तिथे थोडी लबाडीही चालते. साठीचा कार्यक्रम असला की मी जन्मसाल विचारते, त्यात बारा मिळवते आणि तिथून पुढची दहा-बारा वर्षं चाळते. 1965चा जन्म असेल तर 1977 ते 1989. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला बाकीच्या आयुष्यातल्यापेक्षा जास्त आणि ठसठशीत येतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हापुन्हा तपासून पाहिलंय. 'रेमिनिसन्स बंप', म्हणजे आठवणींचा उंचवटा, म्हणतात त्याला. गाण्यांना तर ते फारच लागू पडतं. तिशीनंतर आवडलेली गाणी आवडतात खरी, पण ती ऐकून कुणी खुर्चीतून उठत नाही. त्या बारा वर्षांतलं काही लागलं की उत्सवमूर्ती हातातलं बाजूला ठेवून उठते. गंमत म्हणजे तिची विशीतली मुलंही उठतात, आणि त्यांना शब्द पाठ असतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांनी 2013 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर याचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. विशीच्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांसारखाच आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांचाही लळा असतो, आणि त्याच्या मागे आजीआजोबांच्या काळातल्या गाण्यांचाही एक लहानसा उंचवटा दिसतो, असं त्यांना आढळलं. वाचलं तेव्हा मला गाडीतली मागची सीट आठवली. तिथे मागे बसून, पर्याय नसताना, आपण केवढं ऐकलेलं असतं.

बाकी समारंभांचे माझे दोन-तीन हट्ट आहेत. लोक एकमेकांशी बोलत असतील तेव्हा शब्द असलेली गाणी लावू नयेत. शब्द शब्दांशी भांडतात आणि दोन्ही हरतात. तिथे बासरी, पियानो, गिटार, काहीही, पण गळा नको. सगळ्यांना आवडेल अशी यादी करायला जाऊ नये, ती कुणालाच आवडत नाही. आणि यादी करणाऱ्याने समारंभात स्पीकरपाशी उभं राहून लोकांचे चेहरे वाचू नयेत. हा शेवटचा नियम मी पाळत नाही.

आठवणींची यादी मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे उत्सवमूर्ती खोलीत नसते.

शिवाय घाईच्या हाताशी येतात ती गाणी बघितली तर सगळी मरणाचीच. स्मृतीसभांमध्ये वाजतात ती ठरावीक, डोळ्यांत पाणी आणायच्या कामावर नेमलेली. मला त्यांचा राग नाही, एखाद्या अनोळखी माणसाच्या सभेला गेलं तर त्यांचा आधारच वाटतो. पण मामासाठी यादी करताना त्यातलं एक घालून पाहिलं आणि मामा ताबडतोब निघून गेला. त्या गाण्यात कुठलाही माणूस बसतो, म्हणजे कुणीच बसत नाही. मग मी ठरवलं, ग्रुपवर ज्यावरून भांडण झालं तीच सगळी गाणी घ्यायची. आईने गुणगुणलेल्या चालीची तिन्ही घ्यायची, कुठलं खरं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या मित्राने सांगितलेलंही घ्यायचं. त्याबद्दल मी मामीला भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "घाल की. मलाही ऐकू दे, काय ऐकायचा तिथे बसून."

मग क्रमाची झटापट. यात माझ्या रात्री गेल्या आणि यातच मला सगळ्यात बरं वाटलं, हे कबूल करायला थोडं विचित्र वाटतं. गाणी इतरांची, माणूस सगळ्यांचा, तेवढा क्रम आपला. एक गाणं काळी एकच्या पट्टीत (पेटीच्या सुरांची ही नावं) संपतंय आणि पुढचं पांढरी दोनमध्ये सुरू होतंय, तर अर्ध्या स्वराचा तो धक्का कानाला बसतोच. ज्याला पट्टी कळत नाही त्यालाही काहीतरी ओरखडल्यासारखं वाटतं. मधे एखादं वाद्यसंगीत घातलं की तो ओरखडा पुसला जातो. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज दबका आणि नव्यांचा छातीवर येणारा, म्हणून आवाज समान ठेवायची सोय चालू करायची. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात घालायची जी सोय असते, स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर ती बारा सेकंदांपर्यंत ओढता येते, ती मात्र पूर्ण बंद. नाचायच्या यादीत ती हवी, इथे गाणं संपल्यावर कुणाला तरी खोकायला, नाक पुसायला, "हे त्या सहलीत..." असं सुरू करायला दोन-तीन सेकंद मोकळे लागतात. तीन संथ गाणी ओळीने नकोत, चौथ्याला लोक घड्याळ बघतात, दुःख असलं तरी बघतात.

आणि शफल, म्हणजे यंत्राने गाणी मनाला येईल त्या क्रमाने लावणं, बंद. या बाबतीत मी कर्मठ आहे. 2021 मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने आल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलवरून साध्या क्रमावर आणलं, तेव्हा मला ओळख ना पाळख त्या बाईला मिठी मारावीशी वाटली होती. शफलची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. आयपॉडच्या काळात लोक तक्रार करायचे, की यातलं शफल खरं नाही, एकाच गायकाची गाणी पाठोपाठ लागतात. खऱ्या योगायोगात तसं लागणारच. पण ते लोकांना पटेना, तेव्हा 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय दिली की सारखी गाणी मुद्दाम लांब लांब पडतील. म्हणजे योगायोग खरा वाटावा म्हणून त्यातला योगायोग कमी केला. घरच्या ग्रुपवरचे मेसेज वाचताना मला सारखं ते आठवत होतं. मामा आम्हा प्रत्येकाला असाच आपापल्या सोयीने, नीट अंतर राखून वाटला गेला होता.

मामेभावाने मधेच एक तोडगा काढला. मामाचा फोन घरात तसाच होता, अधूनमधून मामी तो चार्ज करते. त्याने गाण्यांचं ॲप उघडलं आणि सगळ्यात जास्त ऐकलेल्या गाण्यांची यादी काढली. आता वादच मिटला, यंत्राला विचारू. आम्ही सगळे त्या स्क्रीनवर वाकलो. पहिल्या क्रमांकावर होतं एक बडबडगीत. दुसऱ्यावर त्याच बडबडगीताची दुसऱ्या आवाजातली आवृत्ती. तिसऱ्यावर नुसता पावसाचा आवाज. मामेबहीण हसता हसता खाली बसली. तिचा मुलगा लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसल्याशिवाय आणि ते गाणं लागल्याशिवाय तोंड उघडत नसे, आणि आकडे तेव्हापासून पुढे चाललेले. पाऊस मामीचा. तिला झोप येत नाही, म्हणून मामा उशाशी लावून ठेवायचा आणि स्वतः कानात बोळे घालून झोपायचा. यंत्राने किती वेळा वाजलं ते चोख मोजलं होतं. खोलीत कोण होतं आणि कुणासाठी लागलं होतं, ते त्याला दिसलं नव्हतं. त्याच्या आवडीची म्हणावीत अशी गाणी खूप खाली होती, एकेकदा, दोनदोनदा ऐकलेली. मला त्याचं वाईट वाटलं आणि लगेच वाटलं, की यापेक्षा मामासारखी यादी कुणी करू शकलं नसतं.

अमेरिकेत डॅन कोहेन नावाच्या गृहस्थांनी 2006 मध्ये एका शुश्रूषागृहात वृद्धांना त्यांच्या त्यांच्या तरुणपणची गाणी भरलेले आयपॉड द्यायला सुरुवात केली होती, पुढे त्याचं मोठं काम उभं राहिलं. स्मृतिभ्रंशात नावं, चेहरे, सकाळ-संध्याकाळ सगळं निसटतं तरी ओळखीची गाणी बरेचदा शेवटपर्यंत टिकतात. पण तिथेही पहिली अडचण हीच असणार. ज्याच्यासाठी यादी करायची त्याला सांगता येत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते आपापलंच गाणं सांगतात.

आवाजाचा प्रश्न त्यानंतर निघाला. मामेबहिणीकडे मामाचा एक व्हॉइस मेसेज आहे, काही सेकंदांचा. त्यात तो म्हणतो, "अगं, ते गाणं सापडलं बरं का, संध्याकाळी ये, ऐकवतो." मागे भांडं पडल्याचा आवाज आणि मामीचं काहीतरी. कुठलं गाणं, ते त्यात नाही. तिला तो मेसेज यादीच्या सुरुवातीला हवा होता. मामेभावाला तो कुठेच नको होता. त्याचं म्हणणं, गाणी सगळ्यांची असतात, ती सहन होतात. आवाज अंगावर येईल. ती म्हणाली, अंगावर यावा म्हणूनच. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला दोघांचंही पटलं, असल्या वेळी माझा काही उपयोग नसतो. शेवटी तो घेतला नाही. तिने तो त्या दिवशी स्वतःच्या फोनवरून, एकटीने गॅलरीत जाऊन ऐकला, ते मी पाहिलं.

यादी पूर्ण होऊन ग्रुपवर गेली त्या रात्री मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ते व्हायोलिनचं काढ गं त्यातून."

मला वाटलं, मामेभावाचं बोलणं तिला लागलं असेल. मी समजूत घालायला लागले, की तो काहीही म्हणू दे, तुला आठवतंय ना. तिने मला मधेच थांबवलं. "तसं नाही. त्याला काय माहीत, तो तेव्हा झाला पण नव्हता. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर लागलं की ते त्या दिवसाचं होईल. मला ते नंतरही ऐकायचंय."

एवढं बोलून तिने दुसरंच काहीतरी सुरू केलं. मी हो-हो करत राहिले. ती म्हणाली ते अगदी साधं होतं आणि इतक्या याद्या करूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. यादीत घातलं की गाणं अडकतं. लग्नात वाजलेलं पुढे जन्मभर लग्नाचं, निरोपाला लावलेलं निरोपाचं. कुणाच्या तरी अंत्यविधीला वाजलेलं एक सुंदर गाणं मला कुठे दुकानात, रिक्षात ऐकू आलं तरी पोटात खड्डा पडतो. त्या माणसाशी माझी फार ओळखही नव्हती. आपण एका दिवसासाठी म्हणून गाणं घेतो आणि ते परत मिळत नाही. मामीला हे ठाऊक होतं. तिने एक गाणं मागे ठेवलं, रोजच्या वापरासाठी. माझी पूर्ण यादी एका बाजूला आणि ते न वाजलेलं गाणं दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर मामा कुठे जास्त होता, हे सांगायला मला फार विचार करावा लागणार नाही. त्या दिवशी ते गाणं जिथे असायला हवं होतं तिथे मी दुसरं काहीच घातलं नाही, आधीचं आणि नंतरचं नुसतं जवळ आणलं. पट्टी जुळत नव्हती. जुळवायचा प्रयत्नही केला नाही.

प्रत्यक्ष तो दिवस बरा गेला. पहिल्या गाण्याला सगळे नको तितके शहाण्यासारखे बसले होते. आईच्या चालीच्या तीन गाण्यांपैकी दुसरं लागलं तशी ती ओरडली, "हेच!", आणि तिसरं लागल्यावर पुन्हा, "नाही नाही, हे!" ऑफिसातल्या मित्राचं गाणं एकदम उडतं, ठेक्याचं निघालं. मामी कान देऊन ऐकत होती, अनोळखी माणसाला न्याहाळतात तशी, आणि संपल्यावर म्हणाली, "बरं आहे की." पावसाचा आवाज मी दोन्ही बाजूंच्या मधे अर्धा मिनिट घातला होता. तो ज्यांना कळायचा त्यांना कळला. बडबडगीताला ज्याच्यामुळे ते तिथे आलं तो मुलगा लाजून आतल्या खोलीत पळाला. तो आता उंचीने माझ्या खांद्याला लागतो.

यादी मी त्यानंतर काढून टाकली नाही, घरातल्या सगळ्यांना तिच्यात भर घालायची मुभा देऊन ठेवली. मामाची ती प्लास्टिकची पट्टी मोडायची सवय मला इथे चालवायची नव्हती. लोक घालतात अधूनमधून. मामेभावाने, कुणाला न सांगता, गाडीतलं ते स्वतःचं गाणं घातलं. एक गाणं मधेच राखाडी होऊन बसलं, वाजेना. हक्कांचे करार संपले की ॲपवरून गाणी अशी जातात, नाव तेवढं उरतं. ते मी तसंच ठेवलंय.

आणि मागच्या आठवड्यात त्या उंच झालेल्या नातवाने एक गाणं घातलं. नुसता धडधडाट. गायक किंचाळतोय की यंत्र, ते कळत नाही. ग्रुपवर पहिल्यांदा आईने विचारलं, हे चुकून आलंय का. मग मामेबहिणीने मुलाला दटावलं, की ही आजोबांची यादी आहे, तुझी नाही, त्यांना असलं काही आवडायचं नाही. त्यावर त्याने लिहिलं, "माहितीये. मी हे लावलं की आजोबा रोज दार उघडून ओरडायचे. म्हणून घातलं."

कुणालाच त्यावर काही बोलता आलं नाही. मामीने मात्र अंगठा दाखवला. आता ते ठेवायचं कुठे, यावर चर्चा चालू आहे. मामेभाऊ म्हणतो, अगदी शेवटी, म्हणजे ज्यांना नको ते आधी उठून जातील. आई म्हणते, आवाज कमी करून. मी सध्या ते तिसऱ्या क्रमांकावर टाकलंय. दोन संथ गाणी होऊन सगळे नीट गंभीर बसले, की लागलीच ते सुरू होईल.